मुखवट्याचं पान

आमच्या देवघरात मातामायचा पितळी मुखवटा होता. ती देवी आमचीच आहे याबद्दल मला कधी शंका आली नाही. नारळाएवढा चेहरा, मोठे उघडे डोळे, डाव्या कानाची पाळी तुटलेली आणि हनुवटीखाली तांब्याचं एक ठिगळ. आई तिला नवरात्रात चिंचेने घासून लख्ख करायची, हळदीकुंकू लावायची आणि आल्यागेल्याला सांगायची, "आमच्या घराण्याची आहे." आई गेल्यावर ते काम माझ्याकडे आलं. वाक्यही माझ्याकडेच आलं.

आमचं घर सानगडीला आणि भांड्यांचं दुकान साकोलीला, हायवेवर. बाबांनी ते उभं केलं. त्यांच्या काळात दुकान म्हणजे पितळ होतं. आता निम्म्याहून जास्त स्टील आहे आणि पितळ लग्नाच्या आंदणापुरतं उरलं आहे. मी नागपूरला शिकलो, तिथंच काही वर्षं नोकरी केली, आणि आई गेली, बाबांचे गुडघे गेले, तेव्हा परत आलो. मुखवटा मी लहानपणी पाहिल्याचं आठवत नाही. कॉलेजात असताना एकदा दिवाळीला घरी आलो, तेव्हा तो देवघरात होता. बाबा म्हणाले, माळा साफ करताना आजोबांच्या पेटीत सापडला. मी मान डोलावली आणि फराळाला बसलो.

दोन-तीन वर्षांपूर्वी साकोलीच्या कॉलेजात एका संस्थेची कार्यशाळा झाली. लोकांच्या घरातल्या जुन्या वस्तूंची माहिती इंटरनेटवर ठेवायची, असा विषय. दुकानासमोरच पोस्टर लागलं होतं म्हणून गेलो. शिकवणाऱ्या बाई तरुण होत्या, माझ्या पुतणीच्या वयाच्या, पण बोलायला पक्क्या. त्यांनी फार सोपं करून सांगितलं.

"वस्तूचा नुसता फोटो टाकला तर ती एकटी पडते. तिचं एक पान करायचं. त्या पानाला तिचं गाव जोडायचं, धातू जोडायचा, सण जोडायचा, ती वापरणारे लोक जोडायचे. गावाचंही पान असतं, ते नदीच्या पानाला जोडलेलं असतं. मग जगात कुणीही त्या नदीबद्दल काही शोधायला लागलं, तर चालत चालत तुमच्या वस्तूपर्यंत येऊन पोचतं. याला म्हणायचं जोडलेली खुली माहिती. खुली म्हणजे खरोखर खुली. कुणीही घ्यावी, वापरावी, आपल्या माहितीला जोडावी. एकदा दिली की परत मागता येत नाही."

शेवटचं वाक्य मी ऐकलं, पण विम्याच्या कागदावरच्या अटी ऐकतात तसं.

दुसऱ्याच दिवशी मी मुखवट्याचे फोटो काढले. समोरून, दोन्ही बाजूंनी, आणि ठिगळाचा जवळून. मग पान भरायला बसलो. गाव: सानगडी. मालकी: आमचं घराणं. कधीपासून: पिढ्यानपिढ्या. वर्णनाच्या चौकटीत चार ओळी लिहायच्या होत्या. पितळेबद्दल लिहिलं, कानाबद्दल लिहिलं, आणि ठिगळापाशी आल्यावर माझा हात जरा मोकळा सुटला. मी लिहिलं की हे ठिगळ माझ्या पणजोबांनी स्वतःच्या हातानं मारलं असावं. पणजोबांबद्दल मला नावापलीकडे काहीही माहीत नव्हतं. पण वाक्य बरं दिसत होतं.

पान छान झालं. बाईंना आवडलं. आमच्या समाजाच्या ग्रुपवर कुणीतरी ते टाकलं आणि दिवसभर हात जोडलेली चिन्हं येत राहिली. पुढं एका कार्यक्रमात माझा सत्कार झाला. शाल, नारळ, आणि माईक. माईक हातात आला की माणूस थोडा वर उचलला जातो. मी वारसा जपण्यावर बोललो. म्हणालो, लोकांनी पितळ मोडीत घातलं, स्टील घरात आणलं, पण आमच्या घरानं आपली देवी जपली. आणि पणजोबांची गोष्ट सांगितली. या खेपेला "असावं" गळून पडलं होतं. ठिगळ पणजोबांनीच मारलं होतं, चुलीपाशी बसून. टाळ्या पडल्या. बाबा पहिल्या रांगेत खुर्चीवर होते. त्यांनी टाळ्या वाजवल्या नाहीत. मला वाटलं, दमले असतील.

मग एका दुपारी दुकानात गिऱ्हाईक नसताना बाईंचा फोन आला. आवाज आनंदानं भरलेला.

"काका, मोठी बातमी आहे! तुमचा मुखवटा जुळला."

"जुळला म्हणजे?"

"परदेशातल्या एका संग्रहालयानं त्यांच्याकडचे जुने फोटो खुले केलेत. तिकडचा एक अभ्यासक पूर्वी वैनगंगेच्या काठी फिरून गेला होता. त्याच्या एका फोटोतला मुखवटा आणि तुमचा मुखवटा, आमच्या इथल्या एका मुलीला सारखे वाटले. आम्ही मोठे करून ताडून पाहिले. शंभर टक्के तोच, काका. ठिगळसुद्धा तेच. आम्ही दोन्ही पानं जोडून टाकलीत, 'हीच ती' म्हणून. किती दुर्मीळ आहे हे, तुम्हाला कल्पना नाही!"

त्यांनी पाठवलेला दुवा मी काउंटरवरच्या कॉम्प्युटरवर उघडला. काळापांढरा फोटो. नदीचा काठ, उलथी घातलेली एक होडी, सुकायला टाकलेली जाळी. मधे लाकडी पाटावर मातामाय, आणि तिच्या मागं उकिडवी बसलेली एक तरुण बाई. पदर डोक्यावर, एक हात मुखवट्याला आधार म्हणून लावलेला, जसा आपण लहान मूल बसतं करताना पाठीला लावतो. डाव्या कानाची पाळी तुटलेली. हनुवटीखाली ठिगळ. खाली इंग्रजीत लिहिलं होतं की ही धिवरांच्या, म्हणजे मासेमारांच्या, गावाची देवी आहे. गावाचं नाव दिलं होतं. त्या नावावर बोट ठेवलं की गावाचं पान उघडत होतं, आणि त्या पानावरच्या नकाशात नुसतं निळं पाणी होतं. गाव गोसीखुर्दच्या धरणात गेलं होतं.

फोटोच्या बाजूला, एका रेघेनं जोडलेलं, माझं पान दिसत होतं. मालकी: आमचं घराणं. पिढ्यानपिढ्या. पणजोबांचं ठिगळ. जगात कुठूनही आलेला माणूस आता दोन्ही एकदम वाचू शकत होता. माझे कान तापले. दुकानात कुणी नव्हतं तरी मी स्क्रीन बंद केली.

बाबा सपरीत, म्हणजे पुढच्या पडवीत, खाटेवर बसले होते. मी फोटो मोबाईलवर मोठा करून त्यांच्यापुढं धरला. त्यांनी चष्मा पुसला, पाहिलं, पुन्हा पुसला.

"कुठून आला हा?"

"बाहेरच्या देशातून. बाबा, देवी कुठून आली?"

त्यांनी मोबाईल हातानं बाजूला सारला. मग म्हणाले, "मोडीत आली."

मोड म्हणजे जुनी फुटकी भांडी. ती वजनावर घ्यायची आणि बदल्यात नवं भांडं द्यायचं, हा आमचा धंदाच होता. बाबा टेम्पो घेऊन गावोगाव जायचे. नदीकाठची गावं उठणार असं पक्कं झालं, तेव्हा त्या गावांत मोड फार निघाली. लोकांना बिऱ्हाड हलकं करायचं होतं.

"सगळेच इकून राहिले होते," बाबा म्हणाले. "परात, घंगाळ, समया. मी नाही गेलो असतो तर दुसरा गेला असता. एका गावात चार-पाच माणसं आली, धोतराच्या फडक्यात गुंडाळून. मले वाटलं हंडा असंल. उघडलं तं ही. मी म्हटलं, हे मी नाही घेत. त्यायनं म्हटलं, घे, वितळव, आन आमाले पानी भराचे दोन गुंड दे. सारखे दोन. मी देल्ले."

"आणि वितळवली नाही."

"हात नाही झाला." त्यांनी तळहात माझ्यापुढं उघडून दाखवला, जणू त्या हाताचीच चूक. "भट्टीपर्यंत नेली होती. परत आनली. तुझ्या मायले खरं सांगितलं असतं तं तिनं दुसऱ्याची देवी घरात ठेवू देल्ली नसती, भेली असती. मनून पेटीत सापडली म्हटलं. मंग तिनं पूजा सुरू केली. मंग सांगायची येळच गेली."

"मी माईकवर बोलत होतो तेव्हा तरी थांबवायचं ना, बाबा."

"कसा थांबवू? तू लोकायसमोर इतका खूश होता."

मला बाबांचा राग आला नाही. आला असता तर बरं झालं असतं. रागात माणसाला टेकायला जागा मिळते. ते एक खोटं बोलले होते, तेही बायको घाबरू नये म्हणून, घरातल्या घरात. त्याच्यावर मजले मी चढवले होते आणि साऱ्या जगाला हाका मारून दाखवले होते.

त्या आठवड्यात मी फोटोची मोठी प्रत काढून घेतली आणि त्या गावाच्या पुनर्वसनाच्या वस्तीवर गेलो. मुखवटा नेला नाही. आधी विचारून मग मानानं आणून देऊ, असं ठरवलं होतं. खरं सांगायचं तर गाडी चालवताना मी त्या प्रसंगाचं चित्रही रंगवलं होतं. लोक जमलेत, मी देवी परत देतोय, म्हाताऱ्या माणसांच्या डोळ्यांत पाणी. म्हणजे मी पुन्हा माईक हातात घेतलाच होता.

वस्ती सरळ रस्त्यांची, एकसारख्या प्लॉटांची. नदी बरीच लांब. तरी घरांच्या भिंतींवर जाळी टांगलेली होती आणि हवेत सुकटाचा वास होता. पानठेल्यावर मी फोटो दाखवला. पानवाल्यानं निरखून पाहिलं आणि एका घराकडं बोट केलं.

दारात एक तिशीतली बाई तांदूळ निवडत होती. मी सांगितलं, साकोलीहून आलोय, एक जुना फोटो दाखवायचा आहे. तिनं तो हातात घेतला आणि ओरडलीच.

"अव माय! आत्याबाई! इकडं या ना, तुमचा फोटो आहे! कित्ती जवान दिसून राहिल्या!"

तिनं लगेच मोबाईल काढून फोटोचा फोटो घेतला. आतून तिची सासू आली. वाकलेली, बारीक, पण नजर तीच. फोटोत देवीला हात लावून बसलेली. तिनं स्वतःला ओळखलं, जराशी हसली. मग नजर खाली सरकली, पाटावरच्या देवीकडं, आणि हसू थांबलं.

"बस बाबू," ती मला म्हणाली. "पानी घे."

पाणी तिनं कोपऱ्यातल्या पितळी गुंडातून काढलं. मी भांडेवाल्याचा मुलगा. गुंडाच्या गळ्याखालच्या पट्टीवर ठोकलेली नक्षी आमच्या दुकानाची होती, हे मला प्यायच्या आधीच दिसलं. मी पाणी संपवलं आणि पेला खाली ठेवला.

"आजी," मी म्हणालो, "ही देवी माझ्याकडं आहे. माझे वडील भांड्यांचा टेम्पो घेऊन..."

तिनं हात वर केला. मग सुनेकडं वळून म्हणाली, "च्या ठेव ना वो, पाहुन्याले. आन दूध नसंल तं शेजारून आन." सून पदर सावरत बाहेर गेली. ती गेल्याची खात्री करून म्हातारी माझ्याजवळ सरकली.

"हळू बोल बाबू. तिले माहीत नाही. वितळवली नाही तुझ्या बापानं?"

"नाही. आमच्या देवघरात आहे. मी ती परत आणून द्यायला..."

"आनू नको." तिचा आवाज एकदम कोरडा झाला. "बिलकुल आनू नको."

मग तिनं सांगितलं. गाव उठणार ठरलं तेव्हा अर्ध्या लोकांना ही वस्ती मिळाली आणि अर्ध्यांना दुसरी, तिकडं नदीपलीकडं. देवी कुणी न्यायची यावरून भांडण लागलं. सख्खे भाऊ एकमेकांच्या अंगावर गेले, डोकी फुटली. पुरातून येताना एकदा देवी होडीतून निसटून दगडावर आदळली होती, तेव्हा हिच्या सासऱ्यानं हनुवटीला तांबं लावलं होतं; म्हणून यांचं म्हणणं, देवी आमची. दुसऱ्यांचं म्हणणं, पूजेचा मान आमचा. शेवटी काही म्हाताऱ्यांनी ठरवलं, कुणाचीच नको.

"आमच्या बुढ्यानंच देल्ली मोडीत. तो होता त्यायच्यात. एक गुंड इकडं, एक तिकडं. बराबर वाटनी." ती गुंडाकडं न बघता बोलत होती. "आमाले पैसा नोहोता पाहिजे बाबू. भांडन नोहोतं पाहिजे. पन देवी इकली ते इकलीच ना. लेकरायले कोन्या तोंडानं सांगाचं? मंग सगळ्यायनं सांगितलं, मातामायनं गाव सोडलंच नाही. पानी आलं तरी बसून राहिली. अंदरच आहे."

"आणि ते मानतात?"

"चैतात दोन्ही वस्तीचे डोंगे जातात. जिथं देऊळ होतं, तिथं पान्यावर नारळ सोडतात. संगच जातात, बाबू. भांडत नाहीत." तिनं फोटो माझ्या हातात परत दिला, चेहरा खाली करून. "आता तू ते काहाडलं. कायले काहाडलं?"

मी म्हणालो, आजी, मला माहीत नव्हतं. म्हणालो, मी ते इंटरनेटवर टाकलंय, ते काढून टाकतो. तिनं विचारलं, "निंघते का?" मी म्हणालो, निघतं. सून दूध घेऊन आली. आम्ही चहा प्यायलो आणि म्हातारी सुनेला तिच्या तरुणपणाची गंमत सांगत राहिली, फोटो काढणारा गोरा माणूस किती मासे खायचा ते. मी हसायच्या ठिकाणी हसलो.

घरी न जाता वाटेतच गाडी थांबवून बाईंना फोन केला. सगळं सांगितलं.

"काका, तुमचं पान मी झाकू शकते," त्या म्हणाल्या. "जोडही काढते. पण ती माहिती खुली होती. आमच्याकडून इतरांनी उचलली, त्यांच्याकडून आणखी कुणी. तिकडच्या संग्रहालयानं स्वतःच्या पानावरही 'सध्या साकोली परिसरात' असं लिहून टाकलंय. मी त्यांना विनंती करीन. पण प्रत्येकाच्या मागं कुठवर धावणार?"

"म्हणजे निघत नाही."

"पूर्ण नाही. मी सांगितलं होतं ना तेव्हा." मग हळू आवाजात, "आणि काका, एक विचारू? खरं तर हेच खरं आहे ना. तो फोटो खरा आहे. लोकांना त्यांचा इतिहास कळायला नको का?"

"तुम्ही त्यांच्या घरचं पाणी प्यायला नाहीत, मॅडम," मी म्हणालो. बोललो आणि लाजलो. त्यांच्या प्रश्नात खोट नव्हती. त्या पानावर खोटं लिहिणारा मी होतो, आणि आता खरं झाका म्हणून सांगणाराही मीच. दोन्ही वेळा शब्द तेवढेच ठासून.

बाईंनी मनापासून धडपड केली. आमचं पान झाकलं, जोड काढला, तिकडच्या लोकांना लिहिलं, त्यांनीही आपली ओळ काढली. तरी गावाचं नाव टाकून शोधलं की कुठल्या तरी तिसऱ्याच ठिकाणी दोन्ही चेहरे शेजारी शेजारी उगवायचे, आणि खाली माझे पणजोबा. मी रोज सकाळी दुकान उघडलं की आधी तेच शोधायचो. लाज अशी घासून जात नाही, उलट चकाकते; पण हाताला राहवत नाही.

पावसाळा सरल्यावर एक दिवस ती सून दुकानात आली. एकटीच, बसनं. काखेत पिशवी. तिनं आधी भगोण्यांचे भाव विचारले, एक उचलून टकटक करून पाहिलं. दुकानातलं दुसरं गिऱ्हाईक गेलं तसं भगोणं खाली ठेवून म्हणाली, "तुमच्या घरी आहे ना ती?"

"आहे," मी म्हणालो.

"मी त्याच दिवशी पाह्यलं, मोबाईलवर. गावाचं नाव टाकलं आन आलं समोर. तुमचा सत्काराचा फोटोबी आला." तिनं हे टोमणा म्हणून म्हटलं नाही. म्हणून जास्त लागलं. "आत्याबाईले नका सांगू मले माहीत आहे मनून. तिले वाटते कोनालेच माहीत नाही."

"आणखी कुणाला कळलंय?"

"आमच्या घरवाल्याले. तिकडच्या वस्तीतल्या दोघातिघायले. पोरायच्या हाती मोबाईल आहे जी, कसं नाही कळंल? पन कोनी बोलत नाही. म्हातारे हायेत तोवर नाही बोलनार."

मी तिला सानगडीला घरी घेऊन आलो. बाबा सपरीत होते. ती कोण हे कळल्यावर ते खाटेवरून उठायची धडपड करू लागले. ती म्हणाली, बसा ना बाबाजी. देवघरापाशी ती उभी राहिली. नमस्कार केला नाही, लगेच तरी नाही. बोटानं ठिगळ चाचपलं, मग तुटका कान. "लहानच आहे," ती म्हणाली. "मले वाटलं मोठी असंल."

मी म्हणालो, "घेऊन जा. आत्ताच्या आत्ता. मी सोडतो गाडीनं."

"कोन्या वस्तीत नेऊ?" तिनं विचारलं.

बाबा मागून म्हणाले, "पोरी, आमी चोरली नाही." ती वळून म्हणाली, "नाही जी, माहीत आहे. तुमी ठेवली." आणि मगच तिनं पदर घेऊन देवीसमोर डोकं टेकलं. निघताना मी पिशवीत एक भगोणं घालायला गेलो. तिनं माझ्याकडं असं पाहिलं की मी ते परत फळीवर ठेवलं. देवघरातल्या देवीच्या बदल्यात आम्ही पुन्हा भांडं देत होतो.

बसस्टँडवर ती म्हणाली, "चैतात या. पाहुना मनून."

मी जाणार नव्हतो. पण चैत्रात तिचा फोन आला आणि नाही म्हणता आलं नाही. दोन्ही वस्त्यांची माणसं धरणाच्या काठी जमली होती. बायांच्या हातात नारळ, लेकरांच्या हातात काकड्या. कुणी मला विचारलं नाही मी कोण. म्हातारीनं मात्र लांबूनच ओळखलं. तिच्या चेहऱ्यावर भीती आली आणि तिनं माझ्या हातांकडं पाहिलं, रिकामे आहेत का ते. रिकामे होते.

मला तिच्याच डोंग्यात जागा मिळाली. पाण्यातून सागाची बोडकी खोडं वर आलेली, त्यांच्यावर करकोचे. बऱ्याच आत गेल्यावर नावाडी म्हणाला, इथंच, आणि वल्हं उचललं. बाकीचे डोंगे वळून गोलात उभे राहिले. कुणी आरती म्हणू लागलं, दुसऱ्या वस्तीच्या डोंग्यांतून साथ आली. सूर दोन्हीकडचा थोडा वेगळा होता, तरी जमून गेला. माझ्या शेजारची एक लहान मुलगी डोंग्याच्या कडेवर पालथी पडून पाण्यात डोळे लावून होती. आरती संपल्यावर तिनं मला विचारलं, "तुमाले दिसली का?"

समोर म्हातारी होती. तिच्यापलीकडं तिची सून. दोघीही माझ्याकडं बघत होत्या, आणि एकमेकींकडं बघायचं टाळत होत्या. मला हो म्हणायचं नव्हतं आणि नाही म्हणायचा मला अधिकार नव्हता.

"पाणी गढूळ आहे," मी म्हणालो.

"मलेबी नाही दिसत," ती मुलगी म्हणाली. "माया बाबाले दिसते."

नारळ पाण्यावर सोडले गेले. डोंगे परत फिरले. काठावर मोठ्या गंजात मासोळीचा रस्सा रटरटत होता, भाताची रास पळसाच्या पानांवर होती. म्हातारीनं स्वतः माझ्या पानावर वाढलं, आधी भात, मग रस्सा, मग एक मोठा तुकडा, आणि म्हणाली, "खा बाबू. लाजू नको."

बाकीचे सगळे जेवून उठले तरी माझं पान निम्मं भरलेलंच होतं. ती समोर बसून होती, मी संपवतो का ते बघत. मी संपवलं.